माफीची साक्ष : ‘विषारी मैत्री’ आणि कुमारांच्या रहस्यकादंबऱ्या

१

मित्रमंडळात घडलेल्या खुनाभोवती रचलेल्या आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हाती गेली काही वर्षे सर्रास दिसतात. विद्यापीठीय वर्तुळात त्यांच्याविषयी दोन प्रकारे बोलले जाते. पहिला प्रकार जुना आहे. ही रंजनाची, एकदा वाचून बाजूला ठेवायची पुस्तके असून समीक्षेने त्यांची दखल घेण्याचे कारण नाही, असे त्यात मानले जाते. दुसरा प्रकार अलीकडचा आणि वरवर पाहता उदार आहे. ही पुस्तके ‘विषारी मैत्री’चे धोके मुलांच्या लक्षात आणून देतात, म्हणून ती उपयुक्त आहेत, असे हा पक्ष म्हणतो. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात कौतुक आहे. परिणाम मात्र एकच होतो. पुस्तक वाचण्याची जबाबदारी टळते. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यत्वे दुसऱ्या पक्षावर आहे. कारण तुच्छतेचा प्रतिवाद सोपा असतो, चुकीच्या कौतुकाचा अवघड.

हा रोख माझ्यावरही आहे, हे आरंभीच नोंदवते. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने तौलनिक साहित्याभ्यासाच्या अभ्यासपत्रिकेसाठी अशा तीन कादंबऱ्यांवर लघुप्रबंध लिहिण्याची इच्छा माझ्याकडे बोलून दाखवली. हा विषय साहित्यापेक्षा समुपदेशनाचा आहे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, “मॅडम, यात विषारी कोण हे मला शोधायचंच नाहीये. गप्प कोण बसलं, ते शोधायचंय.” मी तिला दुसरा विषय सुचवला. तिने तो घेतला आणि चांगले गुणही मिळवले. तिचे ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले. पुढील विवेचन हे त्या वाक्याला उशिरा दिलेले उत्तर आहे. या कादंबऱ्यांची चर्चा त्यांच्या शेवटांना हात लावल्यावाचून होऊ शकत नाही. रहस्यभेदाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

२

‘विषारी मैत्री’ हा शब्दप्रयोग मराठीत भाषांतराच्या वाटेने आला. इंग्रजीत ‘टॉक्सिक’ हे विशेषण इतके फोफावले, की ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१८ साली वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. मैत्रीत विष असू शकते ही कल्पना आपल्याला नवी नाही. तोंडाशी दूध आणि आत विष असलेल्या घड्याची उपमा संस्कृत सुभाषितकाराने कपटी मित्राला दिलेलीच आहे. पण तेथे दोष कपटाचा आहे; म्हणजे तो नीतीच्या कक्षेतला आहे. कपट करणाऱ्याला जाब विचारता येतो. आजच्या प्रयोगात विष हा रोगशास्त्रातला शब्द आहे. काही माणसे विषारी असतात, त्यांची लक्षणे असतात, ती ओळखून दूर व्हायचे असते. विषाला कोणी ‘तू असे का केलेस?’ म्हणून विचारत नाही, आणि विषबाधा झालेल्याला कोणी जबाबदार धरत नाही. नीतीचा प्रश्न येथे गुपचूप आरोग्याचा प्रश्न होतो.

मराठीत याआधी ‘संगत’ हा शब्द होता. ‘वाईट संगत’ म्हणजे काय, हे घरातली वडीलधारी माणसे ठरवीत. आणि कोणत्या आळीतल्या, कोणत्या घरच्या मुलांत खेळायचे नाही, हे त्यात न बोलता सांगितलेले असे. तो शब्द निर्दोष नव्हताच. जात आणि ऐपत त्यात ठासून भरलेली होती. परंतु त्याचा पक्षपात उघड होता, म्हणून त्याच्याशी भांडता येत असे. ‘विषारी’ हा शब्द सभ्य आहे, शास्त्रीय भासतो, आणि कोणाची ऐपत किती हे विचारतच नाही. म्हणूनच तो अधिक सोयीचा आहे.

या शब्दाचा काहीच उपयोग नाही, असे मला म्हणायचे नाही. मैत्रिणीकडून वर्षानुवर्षे अपमान सोसणाऱ्या मुलीला आपल्या अनुभवासाठी एखादे नाव सापडणे, ही तिच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. समुपदेशकाच्या खोलीत तो शब्द जरूर असावा. प्रश्न असा, की तोच शब्द कादंबरीच्या वाचनाचे साधन म्हणून वापरला, की काय होते? एका चर्चासत्रात मी ऐकलेल्या निबंधात कादंबरीतील पात्रांचे तक्त्यातून वर्गीकरण केलेले होते : विषारी कोण, बळी कोण, निरोगी कोण. तक्ता नीटनेटका होता. ती कथा कोण सांगत होते, कोणाला सांगत होते आणि का, याला मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता.

काही कादंबऱ्या अशा वाचनाला स्वतःच आमंत्रण देतात, हेही मान्य केले पाहिजे. कॅरेन मॅकमॅनस यांची ‘वन ऑफ अस इज लाइंग’ (२०१७) ही त्यांपैकी एक. शाळेत शिक्षा म्हणून एका वर्गात बसवलेल्या पाच मुलांपैकी सायमन हा मुलगा मरतो. सर्वांची गुपिते चव्हाट्यावर मांडणारे एक ॲप तो चालवीत असे. उरलेले चौघे संशयित ठरतात आणि आळीपाळीने कथा सांगतात. शेवटी उलगडते, की सायमनने आपला मृत्यू स्वतःच घडवून आणला होता, चौघांना अडकवण्यासाठी. आणि चौघांपैकी एकीचा मित्र त्याला सामील होता. विष अशा रीतीने मेलेल्या मुलात आणि त्याच्या साथीदारात गोळा होते, आणि उरलेले चौघे एकमेकांचे जिवलग होतात. रचना चलाख आहे. पण सायमनचे ॲप रोज वाचणारी शाळा, त्याच्या निंदेवर जगणारी ती सगळी मुले, आरोपीच्या पिंजऱ्यात येत नाहीत. येथे वर्गीकरणाचा तक्ता कादंबरीलाही पुरतो. माझा आक्षेप असा, की अशा कादंबऱ्यांसाठी पुरेसा असलेला हा तक्ता आपण त्याहून वरच्या दर्जाच्या कादंबऱ्यांवरही लादतो.

३

या प्रकाराची वंशावळ पाहिली, तर त्याच्या मुळाशी विषापेक्षा वेगळे काही दिसते. लोइस डंकन यांच्या ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ (१९७३) या कादंबरीत चार तरुण मित्रांच्या मोटारीखाली सायकलवरचा एक लहान मुलगा सापडून मरतो, आणि कोणी काही बोलायचे नाही असा करार ते आपसांत करतात. कादंबरीचा सगळा ताण त्या कराराचा आहे. चौघांपैकी कोणी अधिक दुष्ट, कोणी कमी, असे तरतमभाव तेथे आहेत. पण त्यांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट मौन ही आहे. मैत्री येथे भावनेची बाब उरत नाही. ती साक्षीची बाब होते. कोण कोणासाठी काय सांगेल आणि काय दडवील, एवढाच तिचा अर्थ उरतो.

खून हा या कादंबऱ्यांत केवळ सनसनाटीसाठी येत नाही, असे मला वाटते ते यामुळेच. एरवी मित्र एकमेकांविषयी जे जाणतात, त्याला सार्वजनिक किंमत नसते. खून झाला, की त्या जाणण्याला एकाएकी कायद्याचे वजन येते. काल रात्री तो आमच्याबरोबर होता, हे वाक्य कालपर्यंत गप्पांतले होते; आज ते एखाद्याला वाचवू किंवा बुडवू शकते. मित्र हे पहिले साक्षीदार ठरतात आणि पहिले संशयितही तेच असतात. रूपबंधाचे हे वैशिष्ट्य एकदा लक्षात घेतले, की ‘विषारी कोण?’ हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न मुख्य होतो.

यासाठी समीक्षेपाशी एक संज्ञा तयार आहे, असे सांगितले जाईल. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडली, आणि आपल्या अभ्यासपत्रिकांत ती आता पाठ झालेली आहे. पण तिची मर्यादा या कादंबऱ्यांत उघडी पडते. निवेदक खरे सांगतो की खोटे, एवढेच ती विचारते. खरे सांगण्याच्या बदल्यात निवेदकाला काय मिळते, हे विचारत नाही. त्यासाठी मराठीत, आपल्या न्यायालयांच्या आवारातून रोजच्या भाषेत आलेला, अधिक नेमका शब्द आहे : माफीचा साक्षीदार.

गुन्ह्यात सामील असलेल्या व्यक्तीने आपल्याला ठाऊक असलेली सर्व हकीकत पूर्ण व खरी सांगावी, या अटीवर तिला माफी देऊ करण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये ती कायम आहे. माफीचा साक्षीदार खरे सांगत असेलही. किंबहुना खरे सांगण्यातच त्याचा लाभ असतो. पण त्याचे सत्य हा सौदा असतो. म्हणूनच, महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुष्टी मिळाल्याखेरीज अशा साक्षीवर विसंबू नये, असा दंडक न्यायालये पाळत आली आहेत. साहित्याच्या वाचकाने हा दंडक का पाळू नये? या कादंबऱ्यांतील निवेदक बहुधा मित्रमंडळातून जिवंत उरलेली व्यक्ती असते. ती आपल्याला विश्वासात घेते, थोडे थोडे कबूल करते, आणि शेवटी आपली सहानुभूती घेऊन निघून जाते. आपण न्यायाधीश असतो, आणि बहुतेक वेळा पुष्टी न मागताच माफी देतो.

मराठी वाचकाला ही सवय थोडी अधिकच आहे, असे मला वाटते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चा आकृतिबंध आठवावा. आश्रमातील मित्र रात्री जमतात आणि श्याम त्यांना आपले बालपण सांगतो. त्यात आपल्या चुकाही सांगतो. मित्र ऐकतात. उलटतपासणी कोणी करीत नाही, आणि करण्याचे कारणही नसते. कारण त्या कबुलीने श्यामला काही मिळवायचे नसते. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी या पुस्तकातून एक संस्कार घेतला, की कबुली देणारा शुद्ध होतो. श्यामच्या बाबतीत हा संस्कार यथार्थ आहे. तोच घेऊन आपण ज्या निवेदकांना कबुलीतून बरेच काही मिळवायचे असते, त्यांच्याकडे जातो, तेव्हा फसतो.

४

ई. लॉकहार्ट यांची ‘वी वर लायर्स’ (२०१४) ही कादंबरी या दृष्टीने वाचून पाहू. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील एका खाजगी बेटावर सिंक्लेअर हे श्रीमंत गोरे घराणे दर उन्हाळ्यात एकत्र येते. आजोबांच्या तीन मुली बेटावरच्या घरांसाठी आणि वारशासाठी एकमेकींशी भांडतात. कॅडेन्स ही नात कथा सांगते. तिचे दोन मावसभावंडे जॉनी आणि मिरेन, आणि चौथा गॅट, अशी ही चौकडी. एका अपघातानंतर कॅडेन्सची स्मृती गेली आहे. ती हळूहळू परतते, आणि शेवटी कळते, की भांडणांचे मूळ असलेले मुख्य घर या चौघांनीच पेटवले, त्यात बाकीचे तिघे मेले, आणि गेला उन्हाळाभर ती ज्यांच्याशी बोलत होती ते तिचे मित्र जिवंत नव्हते.

या चौकडीतील गॅटचे आडनाव पाटील आहे. तो भारतीय वंशाचा असून कॅडेन्सच्या एका मावशीच्या जोडीदाराचा पुतण्या आहे. हा तपशील मराठी वाचकाला थबकवणारा आहे; पण केवळ आडनावाच्या आपुलकीने त्याकडे पाहू नये. आजोबांना हा संबंध पसंत नाही. गॅटला आपले या घरातले स्थान पुरते ठाऊक आहे. तो स्वतःची तुलना ‘वुदरिंग हाइट्स’मधील हीथक्लिफशी करतो. तो बेटावर पाहुणा आहे, आणि जी घरे जाळली म्हणजे सगळे सुटेल असे चौघांना वाटते, त्या घरांपैकी कोणतेच त्याला कधी मिळणार नव्हते. आगीत तो मरतो. सिंक्लेअर घराण्याचा शोक कादंबरीभर पसरला आहे. गॅटच्या आईचा शोक तिच्या पटावर येत नाही.

‘विषारी मैत्री’ हे सूत्र घेऊन येथे काय हाती लागते? काहीच नाही. या चौघांची मैत्री विषारी नाही. ती सच्ची, हळवी, आदर्शवादी आहे. आणि तीच प्राणघातक ठरते, कारण चौघांपैकी तिघांच्या पाठीशी इस्टेट आहे आणि चौथ्याच्या पाठीशी नाही, हे ती मैत्री मनावर घेत नाही. आता माफीच्या साक्षीची कसोटी लावून पाहावी. कादंबरीत न्यायालय नाही. कॅडेन्सची साक्ष ऐकणारे आपणच. तिला माफी कोण देते? मेलेले मित्र. ते तिला भेटतात, समजून घेतात आणि प्रेमाने निरोप घेतात. ती भुते आहेत की तिच्या मनाचे खेळ, हे कादंबरी उघडे ठेवते; पण दोन्ही पक्षी ते तिच्याच कथनातून आपल्यापर्यंत येतात. म्हणजे साक्षीदार स्वतःच बळींच्या नावाने आपल्याला माफीपत्र लिहून देत आहे. लॉकहार्ट यांना हे दिसत होते, असे मला वाटते. अधूनमधून येणाऱ्या, राजा आणि त्याच्या तीन मुलींच्या कथांतून कॅडेन्सच्या सांगण्याची बनावट त्या पुन्हापुन्हा उघडी करतात. त्या बनावटीला वाचकाने भुलायचे, की पुष्टी मागायची, हा निर्णय त्यांनी वाचकावर सोडला आहे. गॅट पाटीलची साक्ष कुठे आहे, असे विचारणारा वाचकच ही कादंबरी पुरती वाचतो.

ॲबिगेल हास यांची ‘डेंजरस गर्ल्स’ (२०१३) याहून कठोर आहे. सुट्टीसाठी मित्रमैत्रिणींचा घोळका अरुबा बेटावर जातो. एलिस या मुलीचा खून होतो आणि तिची जिवलग मैत्रीण ॲना हिच्यावर खटला चालतो. ॲना कथा सांगते. वृत्तवाहिन्या आणि सरकारी वकील जुनी छायाचित्रे काढून तिला क्रूर ठरवतात, आणि मुलींच्या मैत्रीला समाज किती सहज राक्षसी ठरवतो याची चीड येऊन आपण तिच्या बाजूचे वकील बनतो. ती निर्दोष सुटते. त्यानंतर शेवटच्या पानांत कळते, की खून तिनेच केला होता. येथे साक्षीचा क्रम उलटा आहे : माफी आधी, साक्ष नंतर. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या लक्षात येते, की आपली चीड खोटी नव्हती, प्रसारमाध्यमांवरील टीकाही खोटी नव्हती. आणि त्या खऱ्या चिडीचाच वापर करून आपल्याकडून माफी काढून घेतली गेली. ॲनाला ‘विषारी’ म्हटले, की वाचक या पेचातून सुटतो. विषारी ती, आपण फसलेले. कादंबरीचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आपण तिचे मित्र झालो, आणि मित्र जे करतात तेच आपणही केले : जे ऐकायचे नव्हते ते ऐकले नाही.

५

हॉली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) आणि तिचे पुढील दोन भाग ही या प्रकारातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी आहेत, आणि रूढ समजाप्रमाणे सर्वांत ‘निरोगी’. बकिंगहॅमशायरमधील एका काल्पनिक गावात पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही मुलगी नाहीशी झाली. सॅल सिंग या तिच्या मित्राने तिला मारून आत्महत्या केली, असे गावाने मानले. पिप ही विद्यार्थिनी शालेय प्रकल्प म्हणून हे प्रकरण पुन्हा तपासते. कादंबरीत तिच्या नोंदवह्या, मुलाखतींची शब्दांकने, वेळांचे तपशील येतात. म्हणजे कायदा जिला स्वतंत्र पुष्टी म्हणतो, तीच येथे कादंबरीचे रूप घेते.

या शोधात सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट खुनी कोण ही नाही. त्या रात्री सॅल मित्रांबरोबर होता, आणि मित्रांनी पोलिसांना तसे सांगितलेही होते. मागाहून त्यांनी जबाब फिरवला. त्यांच्या हातून एक अपघात घडला होता, तो दडवला गेला होता, आणि कोणीतरी त्या गुपिताचा धाक घालून त्यांना जबाब बदलायला लावले. डंकन यांच्या कादंबरीतला मौनाचा करार येथे सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा भेटतो. फरक एवढाच, की या वेळी त्याची किंमत मोजणारा मुलगा भारतीय वंशाचा आहे. गाव त्याच्याविषयी काहीही मानायला किती झटकन तयार झाले, हेही कादंबरी दाखवते. गॅट पाटील आणि सॅल सिंग हे दोघे दोन वेगळ्या लेखिकांच्या, दोन देशांतल्या कादंबऱ्यांतील मित्र. दोघांच्याही बाबतीत मैत्रीचा भार ज्याच्या पाठीशी काही नाही त्याच्यावर कोसळतो. याला योगायोग म्हणता येईल. समीक्षेने मात्र तो तपासल्यावाचून सोडू नये. ‘विषारी’ या शब्दाला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण विष वंश आणि इस्टेट पाहून चढत नाही.

पण या कादंबरीमालेचे खरे धाडस तिसऱ्या भागात, ‘ॲज गुड ॲज डेड’ (२०२१) मध्ये आहे. तेथे पिप स्वतः एका नराधमाला ठार करते आणि गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारते. तो दुसरा सज्जन नाही. पण हा गुन्हा त्याचा नाही. तिचे मित्र तिच्यासाठी रचून सवरून एक खोटी रात्र उभी करतात : ती त्या वेळी आमच्याबरोबर होती. पहिल्या भागात मित्रांनी खरी साक्ष मागे घेतली. तिसऱ्या भागात मित्र खोटी साक्ष उभी करतात. सॅलविरुद्ध जबाब फिरवणारी नेओमी वॉर्ड या दुसऱ्या बनावातही सामील आहे. पहिल्या कृतीला वाचक विश्वासघात म्हणतो, दुसरीला निष्ठा. पहिल्या मैत्रीला समुपदेशक विषारी ठरवील, दुसरीला आधार देणारी म्हणेल. साक्षीच्या दृष्टीने मात्र दोन्ही ठिकाणी एकच घडले आहे : आपल्या माणसाला वाचवण्यासाठी वेळेचा हिशेब बदलला आहे. वाचकाला हे दुसरे खोटे हवेहवेसे वाटते, यातच मालेचा बोचरा प्रश्न आहे. उपयुक्ततेच्या मोजपट्टीने हे पुस्तक ‘चांगल्या मुलीची’ गोष्ट ठरते. प्रत्यक्षात ते चांगुलपणाच्या साक्षीवर विसंबू नका, असे सांगते.

६

आता आक्षेपांकडे वळते. पहिला : भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशी विभागणी केल्यापासून आपल्याला रंजनपर कादंबरी कोणत्या कप्प्यात टाकायची ते कळते, मग तिच्यावर एवढी शाई कशाला? कप्पा मला मान्य आहे. कप्प्यात टाकल्यावर वाचन संपते, हे अमान्य आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि कित्येकांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या निवेदनरीतीचा, न्यायकल्पनेचा गंभीर अभ्यास आपण किती केला? एकदा केलेली हेळसांड दुसऱ्यांदा करण्यासाठी सिद्धान्ताचा आधार घेऊ नये.

दुसरा आक्षेप देशीवादी : ही परक्या मुलांची, परक्या मौजमजेची पुस्तके, आपल्याला त्यांचे काय? येथे मला पुण्याची आठवण द्यावीशी वाटते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने तो काळ ओळखला जातो, आणि माझ्या वयाच्या पुणेकरांनी त्याची दहशत आईवडिलांकडून ऐकलेली आहे. आरोपी हे कला महाविद्यालयात एकत्र शिकणारे तरुण मित्र होते. पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी होता. त्यांच्याच वर्तुळातला एक जण माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शहा याचे ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. आणि ‘माफीचा साक्षीदार’ याच नावाचा चित्रपट १९८६ मध्ये येऊन गेला. एकाने माफी मिळवून न्यायालयात साक्ष दिली. दुसऱ्याने माफीची आशा नसताना ग्रंथरूपाने कबुली दिली. कबुलीच्या या दोन जाती एकाच मित्रमंडळातून निघाल्या. निवेदनशास्त्राला याहून मोठे आव्हान कोणते? पण आपण त्या तरुणांना ‘विकृत’ म्हटले आणि थांबलो. ‘विकृत’ हा ‘विषारी’चाच थोरला भाऊ आहे. दोन्ही शब्द दोष एका जागी गोळा करतात आणि भोवतालच्या सर्वांना घरी जायची परवानगी देतात.

तिसरा आक्षेप मी गंभीर मानते. कुमारवयीन मुले या पुस्तकांकडे भीतीपोटी, एकटेपणापोटी वळतात; त्यांना साक्ष, पुष्टी, सौदा असल्या परिभाषेची गरज आहे काय? माझे उत्तर असे, की परिभाषेची नाही, पण प्रश्नाची आहे. सतरा वर्षांच्या मुलीला ‘तुझी मैत्रीण विषारी आहे का?’ असे विचारले, की ती मैत्रिणीकडे पाहते. ‘कोणासाठी तू गप्प बसलीस?’ असे विचारले, की ती स्वतःकडे पाहते. यांतले चांगले लेखन तिला दुसऱ्या प्रश्नापर्यंत नेते, आणि आपण शिक्षक तिला पहिल्याकडे परत आणतो.

७

म्हणून मागणी साधी आहे. या कादंबऱ्या वाचताना प्रथम विचारावे : कोण बोलत आहे, आणि बोलून त्याला काय मिळते? मग विचारावे : कोणाची साक्ष येतच नाही? आणि शेवटी : कथेत या साक्षीला पुष्टी कोठे आहे, आणि नसेल तर आपण माफी का दिली? या कसोटीवर पुष्कळ पुस्तके टिकणार नाहीत. ती टिकू नयेतच. थोडी टिकतील, आणि ती आपल्या अभ्यासपत्रिकांतील कित्येक मान्यताप्राप्त कादंबऱ्यांपेक्षा अधिक अवघड वाटतील.

ती विद्यार्थिनी आता विभागात नाही. यंदा लघुप्रबंधांच्या विषयांची यादी करताना तिने मांडलेला विषय मी तिच्याच शब्दांत यादीत घातला आहे. माझी ही कबुलीही माफीसाठीच आहे काय, असे वाचकाने जरूर विचारावे. पुष्टी हवी असल्यास यादी विभागाच्या फलकावर लावलेली आहे. तिच्या पहिल्या अर्जावरचा माझा नकारही विभागाच्या दप्तरात आहे.